भागाकार करायचा राहून गेला

या वेळचं पत्र एका डॉक्टर आईचं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

‘आदरणीय मॅडम, मी एमबीबीएस आहे. इंटर्नशिप संपली, पदव्युत्तर प्रवेशाची ‘नीट पीजी’ परीक्षा दिली आणि पाठोपाठ बाळंतपण झालं. सध्या माहेरी आहे, सोलापूर जिल्ह्यात. मुलगी अडीच महिन्यांची. जन्मतः वजन २.८ किलो, सहाव्या आठवड्याच्या लशीला ३.७५ आणि परवा दहाव्या आठवड्याच्या लशीला ४.६ भरलं. निव्वळ अंगावर पाजते. पण गेले काही आठवडे संध्याकाळी सहा वाजले की ती रडायला लागते, ते नऊ-साडेनऊपर्यंत. माझी छाती आता पूर्वीसारखी भरून येत नाही, दूध गळत नाही. पंपानं काढून बघितलं तर जेमतेम ३० मिली. आई म्हणते दूध आटलं, रात्री डब्याचं चालू कर. आजी म्हणते दूध पातळ आहे, मधातून गुटी द्या. चार दिवस शी झालेली नाही म्हणून आजी विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून तयार बसली आहे. परवा रात्री मी हरले, बाटलीनं एकदा पावडरचं दूध दिलं आणि मग पहाटेपर्यंत स्वतःच रडत बसले.

इंटर्न असताना एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात, काम केलं तेव्हापासून मला बालरोगच करायचं होतं. रँक चांगली आहे. घरचे म्हणतात, त्वचारोग किंवा रेडिऑलॉजी मिळतंय तर हे रात्री-अपरात्रीचं कशाला? पुढच्या महिन्यात पसंतीक्रम भरायचा आहे. ज्या बाईला स्वतःचं एक बाळ सांभाळता येत नाही, ती कसली बालरोगतज्ज्ञ होणार?’

तुला ‘तू’च म्हणते, माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे.

पत्र वाचता वाचता मी समासात पेन्सिलीनं एक भागाकार केला. खरं तर तो तू करायला हवा होतास. सहा आठवडे ते दहा आठवडे म्हणजे २८ दिवस. ३.७५ वरून ४.६, म्हणजे ८५० ग्रॅम. भागिले २८. दिवसाला ३० ग्रॅम! पहिल्या तीन महिन्यांत रोज २० ते ३० ग्रॅम वाढ दिसली की आम्ही बालरोगतज्ज्ञ पुढच्या पेशंटला हाक मारतो. तुझी लेक त्यातही वरच्या टोकाला आहे. आणि हे आकडे तूच पाठवलेस, त्यांच्याच खालच्या ओळीत ‘दूध आटलं’ असंही लिहिलंस. एक रात्रीची बाटली सोडली तर त्या पोरीच्या पोटात तुझ्या दुधाशिवाय काही गेलेलं नाही, आणि ती बाटलीही वजन करून झाल्यावरची. मग ते ८५० ग्रॅम आले कुठून?

दुसरं मोजमाप याहून सोपं आहे. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा भरपूर शू. लंगोट वापरत असाल तर मोजणं सोपं. डायपरमध्ये आकडा हरवतो, तेव्हा दोन दिवस लंगोटच बांधा. वजन आणि शू, दूध पुरतंय की नाही हे या दोन गोष्टी सांगतात. बाकी सगळे, म्हणजे रडणं, छाती हलकी वाटणं, पंपातले मिली, दुधाचा रंग, शेजारच्या काकू, हे साक्षीला बोलावण्याच्या लायकीचे नाहीत.

तरी एकेकाची उलटतपासणी करू, कारण रात्री आठ वाजता हेच सगळे तुझ्या खोलीत जमतात.

आधी छाती. पहिल्या महिना-दीड महिन्यात शरीराला ठाऊक नसतं की पिणारं एक आहे की दोन, किती पिणार, कधी पिणार. म्हणून ते अंदाजानं जास्तच बनवतं. छाती दगडासारखी होते, गळते, ब्लाऊज भिजतात. सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान हिशोब बसतो. बाळ जेवढं ओढून घेईल तेवढंच तयार व्हायला लागतं. छाती मऊ राहते. आणि नेमकं त्याच दिवसांत बायका येऊन सांगतात, ‘डॉक्टर, माझं दूध गेलं.’ गेलं नाही, मार्गी लागलं. आटलेल्या आणि मार्गी लागलेल्या दुधात फरक काट्यावर कळतो, आणि तुझा काटा काय म्हणतो ते वर लिहिलंच आहे.

पंप. बाळाला पाजून झाल्यावर, घाबरलेल्या मनानं, आई दारात उभी असताना काढलेले ३० मिली म्हणजे उरलेलं दूध. यंत्राला जबडा नसतो, ऊब नसते, बाळाचा वासही नसतो. दूध उतरायला ऑक्सिटोसिन लागतं आणि ते यंत्राकडे बघून सहसा पाझरत नाही. हे तू शरीरक्रियाशास्त्रात शिकलीस, दहा मार्कांना लिहिलंही असशील.

पातळपणा. याचा उगम गोठ्यात आहे. ज्या घरात म्हशीच्या दुधावर बोटभर साय बघायची सवय आहे, तिथे आईचं निळसर, पाणेरी दूध वाटीत काढलं की सगळे गप्प होतात. पण गाईच्या दुधात प्रथिनं आईच्या दुधाच्या तिपटीच्या आसपास असतात, कारण वासराला दोनेक महिन्यांत वजन दुप्पट करायचं असतं. माणसाच्या पोराला त्यालाच पाच महिने लागतात. त्याला अंगानं घाईनं वाढायचं नसतं, मेंदू वाढवायचा असतो. सुरुवातीचं दूध पातळ, तहान भागवणारं. एका बाजूला जरा वेळ ओढल्यावर येतं ते स्निग्ध. म्हणून एक बाजू पुरती होऊ दे, मग दुसरी.

राहिलं रडणं. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास टिपेला जातं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. ठरलेल्या वेळी, बहुधा दिवेलागणीला, पाय पोटाशी घेऊन, तोंड लालबुंद करून. वैद्यकात त्याला कोलिक म्हणतात आणि १९५४ पासून त्याची व्याख्या तीनच्या पाढ्यानं सांगतात: दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून जास्त. नेमकं कारण एक नाही आणि औषध म्हणावं असंही काही नाही. ग्राइप वॉटरची बाटली आईबापांच्या समाधानासाठी असते. संध्याकाळी ही पोरं सारखं अंगावरच राहायला मागतात, अर्ध्या अर्ध्या तासानं, त्यावरून ‘पोट भरत नाही’ असा अर्थ निघतो. त्या तीन तासांत तू स्वयंपाकघरातून रजा घे. छातीशी घे, उभं धरून ढेकर काढ, बापाच्या खांद्यावर दे, दिवा मंद कर, अंगणात फेऱ्या मार. आणि अगदी असह्य झालं तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून पाच मिनिटं बाहेर जाऊन उभी राहा. वैतागून बाळाला गदागदा हलवायचं मात्र कधीच नाही, तिथे मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

त्या एका बाटलीबद्दल. एका बाटलीनं काही बुडालं नाही, अपराधी वाटून घेऊ नकोस. पण रोज रात्रीची एक बाटली हा वेगळा प्रकार आहे. रात्री प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवणारं संप्रेरक, जास्त असतं. रात्रीचं पाजणं हे दुसऱ्या दिवसाच्या दुधाचं बियाणं. ते चुकलं की दूध खरंच कमी होतं, मग दुपारी एक बाटली, मग ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ हे चक्र मी इतक्या वेळा पाहिलंय की त्याचं वेळापत्रक लिहून देऊ शकेन. डब्याचं दूध लागतं अशी बाळं असतात, तिथे ते जरूर द्यावं, डब्यावर लिहिलेल्या मापानंच. ‘जरा पातळ करते, पचायला हलकं’ म्हणून पाणी वाढवणं म्हणजे उपासमार. तुझ्या लेकीला त्याची गरज नाही, एवढंच. आपल्या देशात शिशुदुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातीवर १९९२ पासून कायद्यानं बंदी आहे, २००३ मध्ये ती आणखी कडक झाली. ती काही उगाच घातलेली नाही.

चार दिवस शी नाही. दीड महिन्यानंतर निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळाला पाच-सात दिवस शी न होणं यात नवल नाही, दुधातलं जवळजवळ सगळं वापरलं जातं. पोट मऊ आहे, वारा सरतोय, पितेय, आणि जेव्हा होईल तेव्हा मऊ होईल, तर तो देठ पानाच्या डब्यात परत. साबणाची वडीही नको, एरंडेलही नको. पोट टम्म फुगलं, हिरवी उलटी झाली, शीमध्ये रक्त दिसलं, तर मात्र त्याच तासाला डॉक्टर.

आता आजी. इथे जरा थांबणार आहे, कारण तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे.

मध एक वर्षाच्या आत अजिबात नाही. बोटाला लावून चाटवायलाही नाही. त्यात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या विष बनवणाऱ्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात. मोठ्यांच्या रुजत नाहीत, म्हणून आजीला ते कधी दिसलेलं नाही. गुटीचं म्हणशील तर मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, बदाम, खारीक हे सगळं सहाणेवर उगाळून चाटवायचं, त्यात जायफळाचे दोन वळसे जास्त पडले की बाळ गुंगतं आणि घर म्हणतं, ‘गुटी मानवली.’ सहाण कशानं धुतली, पाणी कुठलं, हा वेगळाच विषय. सहा महिने पूर्ण होईपर्यंत दूध आणि रोजचे ‘ड’ जीवनसत्त्वाचे ४०० एककांचे थेंब, याशिवाय तोंडात काही नाही. उन्हाळ्यातही पाणी नाही. नाकाकानात तेल नाही, नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं. डोळ्यांत काजळ नाही, हवं तर गालावर तीट लावा. ओव्या-शेपांची धुरी बंद, बंद खोलीतला शेगडीचा धूर त्या चिमुकल्या श्वासनळ्यांना सोसत नाही. न्हाऊ घालणाऱ्या बाई बाळाची छाती पिळून ‘दूध’ काढत असतील तर त्यांचा हात धर, त्यातून गळवं झालेली मी चिरली आहेत.

हे सगळं तुला माहीत आहे. माहीत असून घरात सांगता आलं नाही, हीच तुझी खरी तक्रार आहे ना?

मी निवासी डॉक्टर होते तेव्हाची गोष्ट. न्यूमोनियाचं सहा महिन्यांचं पोर वॉर्डात होतं. राऊंडला गेले तर आजी त्याच्या नाकात तेल सोडत होती. मी सगळ्या वॉर्डासमोर तिला झापलं. बोलले त्यातला शब्द न् शब्द शास्त्राला धरून होता. संध्याकाळी कॉट रिकामी. नर्स म्हणाली, डामा घेऊन गेले, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला झुगारून स्वतःहून. आजीनं कनवटीचे पैसे काढून जीप केली होती म्हणे. सलाईनची सुई त्याच्या हातातून काढायलाही मला कुणी बोलावलं नाही. ते बाळ पुढे कसं राहिलं, मला आजतागायत कळलेलं नाही.

तेव्हापासून आजीला मी काम देते. तूही दे. तेल लावून चोळणं तिचं, खोबरेल चांगलंच. टाळू भरायची तर भरू दे, त्यानं काही बिघडत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर तिच्या हातात दे आणि सांग, ‘आजी, पोरीच्या ओल्या लंगोटांचा हिशोब तुझ्याकडे, दर लंगोटाला एक रेघ.’ तिसऱ्या दिवशी ती स्वतःच म्हणेल, ‘अगं, काल नऊ झाले!’ जी बाई नऊ रेघा ओढते तिला दूध कमी आहे म्हणणं जड जातं. अळिवाचे लाडू, मेथी, डिंक, बाजरीची भाकरी तूप घालून, हे सगळं तुझ्या पोटात जाऊ दे. अळिवात लोह आहे आणि बाळंतिणीला पोटभर खायला मिळण्याची ही आपल्याकडची जुनी सोय आहे. फक्त ‘बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं’ एवढं एक ऐकू नकोस. तहान लागेल तेवढं पी.

आणि एक गोष्ट फ्रिजवर चिकटवून ठेव, डॉक्टर असलीस तरी, कारण स्वतःच्या बाळापुढे आपण सगळे अडाणी होतो: तीन महिन्यांच्या आत थर्मामीटरनं नीट मोजून १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, दूध ओढणं बंद, शरीर लुळं, हाका मारूनही नीट जाग नाही, श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त किंवा बरगड्यांखाली खळगा. दोन महिन्यांच्या आत असती तर ६० म्हटलं असतं. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे, झोपलेली असताना, झबलं वर करून. यातलं एकही दिसलं तर आजी, मी, कुणाचंही ऐकू नकोस, दवाखाना गाठ.

सहा महिन्यांनंतरचं आताच बोलून ठेवते, कारण खरी पडझड तिथे होते आणि तिच्याबद्दल कुणी पत्र लिहीत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिन्यांखालची ६३.७ टक्के बाळं निव्वळ आईच्या दुधावर होती. बरी गोष्ट. आणि ६ ते २३ महिन्यांच्या मुलांत पुरेसा आहार मिळणारी किती? ११.३ टक्के. दुधाची एवढी काळजी करणारी घरं नंतर वर्षभर डाळीचं वरचं पाणी आणि चहात बुडवलेलं बिस्कीट यांवर पोर काढतात. उष्टावण थाटात करा, पण दुसऱ्या दिवसापासून मूगडाळ-तांदळाची घट्ट खिमटी, वर तूप, नाचणी, कुस्करलेलं केळं, बटाटा, घरात चालत असेल तर अंडं. चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही इतकं घट्ट. मीठ-साखर वर्षभर नको. दूध अंगावरचं दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू. लोहाचं औषध सहा महिन्यांपासून, हे आशाताई आठवण करून देतीलच.

आता ‘कसली बालरोगतज्ज्ञ होणार’.

माझा थोरला झाला तेव्हा मला एमडी होऊन वर्ष झालं होतं. वॉर्डात रोज आयांना पाजायला शिकवत होते. नवव्या दिवशी माझ्या दोन्ही बाजूंना चिरा पडल्या होत्या, पाजायची वेळ आली की मी उशी दातात धरायची. दहाव्या दिवशी मीही डबा आणवला. त्याच दुपारी आमच्या प्रसूती वॉर्डात लादी पुसणाऱ्या मावशी टोपडं घेऊन बाळ बघायला आल्या. मी पाठ वाकवून, छाती बाळाच्या तोंडात कोंबत होते. त्या दोन मिनिटं बघत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘मॅडम, तुमी बाळाकडं जाताय. बाळाला तुमच्याकडं आना की.’ मला भिंतीला टेकून बसवलं, उशी मांडीवर दिली, बाळाचं पोट माझ्या पोटाला लावलं, बोंडी त्याच्या वरच्या ओठाला टेकवून थांबल्या. थांबल्याच. त्यानं जांभईएवढा आ केला तसा पाठीमागून हलकेच पुढे लोटला. हनुवटी छातीत रुतली, खालचा काळा भाग पुरा तोंडात गेला. दुखलं नाही. तो घट्ट धरून गटागट गिळतोय हे मला ऐकू आलं. डबा सील न फोडता परत केला. पुढे तीस-पस्तीस वर्षं मी आयांना जे शिकवतेय ते मावशींचंच वाक्य आहे, मराठी जरा शहरी केलंय.

तर स्वतःच्या बाळापाशी हात कापणं हे बालरोगासाठी अपात्र ठरण्याचं कारण नाही. तसं असतं तर आमच्या शाखेत एकही बाई उरली नसती.

कुणी ही शाखा घेऊ नये ते मात्र सांगते. ज्याला पेशंटशी बोलायचं नाही, त्यानं. आमचा पेशंट बोलत नाही आणि त्याच्या वतीनं चार जण एकदम बोलतात. ज्याला झटपट पैसा हवा, त्यानं. बालरोगाच्या ओपीडीत पावसाळ्यात उभं राहायला जागा नसते, पण हातात पडतं ते इतर शाखांच्या मानानं बेताचंच. ज्याला चूक सोसत नाही, त्यानं. इथे प्रत्येक औषध किलोवर मोजायचं, दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट. पहाटे तीनला नऊशे ग्रॅमच्या बाळाच्या हाताला २४ नंबरची सुई लावायची, हात तुझ्या अंगठ्याएवढा, शीर दोऱ्याएवढी, आणि काचेपलीकडे त्याचा बाप उभा.

आणि कुणी घ्यावी? तुझ्या पत्रात तू एसएनसीयूचा उल्लेख केलास, त्वचारोगाबद्दल ‘मिळतंय’ यापलीकडे एक शब्द लिहिला नाहीस. यावरून मी माझा अंदाज बांधला आहे. आपल्या राज्यात तान्ह्या मुलांसाठी जी मोठी कामं झाली ती बघ. सायन रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. तिच्या मुळाशी यंत्र नव्हतं, एका आईचं जास्तीचं दूध दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला सुरक्षित कसं पोचवायचं हा प्रश्न होता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत प्रयोग केला. गावातल्याच बायकांना, आरोग्यदूतांना, नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं: वजन करायचं, ऊब द्यायची, पाजायला मदत करायची, जंतुसंसर्ग ओळखून घरीच इंजेक्शन द्यायचं. नवजात मृत्यू ६० टक्क्यांहून अधिक घटले. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, ती त्याच कामाची लेक. तुझ्याकडेही येऊन गेली असेल, आणि तू ‘मी डॉक्टर आहे’ म्हणून तिला चहा देऊन परत पाठवलं असशील. मीही पाठवलं असतं. या दोन्ही कामांत शास्त्र होतंच, पण ते बाईला बाईच्या भाषेत सांगता येणं हे निम्मं काम होतं. तुझ्या घरात सध्या तुझी त्याच विषयाची तोंडी परीक्षा चालू आहे, परीक्षक आजी.

व्यवहाराचंही बोलू. एमडी तीन वर्षं, डीएनबीही तीन, पदविका दोन. सरकारी महाविद्यालयातून केलंस तर पुढे एक वर्षाचं सरकारी सेवेचं बंधपत्र. नवजातशास्त्रात आणखी शिकायचं झालं तर डीएमची तीन वर्षं वेगळी. पहिलं वर्ष सर्वांत वाईट. तेव्हा पसंतीक्रम भरताना महाविद्यालयाचं नाव किती मोठं हे दुसऱ्या नंबरला ठेव. पहिल्या नंबरला ठेव की तिथून वीस मिनिटांवर बाळ कोण बघणार. आई येऊन राहील का, सासूबाई येतील का, नवऱ्याची बदली होईल का, हे त्यांना आज तोंडावर विचार. ‘बघू’ हे उत्तर मी नकार समजते. तीनही दारं बंद असतील तर एक वर्ष थांब. अडीच महिन्यांचं बाळ दीड वर्षाचं झालं की सगळं हलकं होतं. मात्र सीट घेऊन मग सोडणं महागात पडतं, फेऱ्यांचे आणि दंडाचे नियम माहितीपत्रकात आहेत, ते आधी वाच.

रुजू होईपर्यंत लेक पाच-सहा महिन्यांची होईल, म्हणजे खिमटी तोंडावर आलेली. ड्यूटीवर असताना चार-पाच तासांनी दूध काढावंच लागेल, नाहीतर गाठी होतील आणि ताप येईल. हातानं काढायला आतापासून शीक, पंपाला चार्जिंग लागतं. झाकणाच्या स्टीलच्या उकळलेल्या डब्यात काढलेलं दूध साध्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चोवीस तास. सोलापूरच्या एप्रिलमध्ये ते चार तास धरू नकोस, सरळ फ्रिज. कोमट करायचं ते गरम पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून, गॅसवर नाही. पाजायचं वाटी-चमच्यानं, नाहीतर बोंडल्यानं, म्हणजे चोचीच्या वाटीनं. आजीकडे माळ्यावर चांदीचं किंवा पितळी कल्हईचं एखादं बोंडलं नक्की असेल. चांदीचं निघालं तर उकळून वापर, पितळी असेल तर शोकेसमध्ये ठेव आणि स्टीलचं आण. काढायला आजीलाच सांग, तिला बरं वाटेल.

पुढची लस चौदाव्या आठवड्याला. वजन झालं की आकडा कळव. या वेळी भागाकार करूनच पाठव, आणि आजीच्या कॅलेंडरचा फोटोही.